पदयात्रेचे दान : देणारा कोण?



एखाद्या मंडळीने गरीब मुलांच्या साहाय्यार्थ पदयात्रा काढण्याचे योजिले, तर तिची रीत सामान्यतः अशी असते. मंडळीतील तरुण, स्त्रिया व धडधाकट वृद्ध ठरलेल्या दिवशी ठरलेले अंतर पायी चालून जातात. त्यापूर्वी प्रत्येक चालणारा एक कागद घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, सोयऱ्यांकडे व गावातील दुकानदारांकडे जातो, आणि "तू जितके किलोमीटर चालशील, त्या प्रत्येक किलोमीटरास मी अमुक रुपये देईन" असे वचन त्यांच्याकडून लिहून घेतो. चालणे पार पडले म्हणजे तोच कागद घेऊन पुन्हा त्याच दारी जावयाचे, वचनाप्रमाणे पैसे गोळा करावयाचे, व ते मुलांच्या कार्यास द्यावयाचे.

ही चाल फार जुनी नव्हे. १९५३ साली पोर्तो रिको बेटावर रामोन रिव्हेरो नावाचा एक लोकप्रिय विनोदी नट कर्करोग्यांच्या साहाय्यासाठी निधी जमवावा म्हणून सान हुआन शहरापासून पोन्से शहरापर्यंत सुमारे ८० मैल चालत गेला. १९६९ साली अमेरिकेतील बिस्मार्क ह्या शहरी भुकेल्यांसाठी अशीच पदयात्रा निघाली, व पुढे तेथील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांनी ती रीत उचलली. आता ती जगात पुष्कळ ठिकाणी आढळते. आपल्या सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील मंडळ्यांस ती कठीण नाही. कारण आपले लोक चालण्यास भिणारे नाहीत. तथापि जी गोष्ट करणे सोपे आहे, ती करण्यापूर्वी तिच्या योग्यतेचा विचार करणे अधिकच अगत्याचे असते. म्हणून ह्या रीतीविषयी जे आक्षेप सहज निघतात, त्यांचा आपण शांतपणे विचार करू.

पहिला आक्षेप असा की, चालण्याने धान्याचा एक दाणाही पिकत नाही. मूल उपाशी आहे, किंवा त्यास पाटी-पुस्तक नाही, ही गोष्ट कोणी चालले काय आणि न चालले काय, सारखीच खरी असते. मग ज्याच्यापाशी देण्यास पैसे आहेत, त्याने दुसऱ्याचे पाय दमेपर्यंत का थांबावे? दुसरा आक्षेप प्रभूच्याच शिकवणीतून निघतो. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नये, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आणि पदयात्रा तर सर्व रस्त्याने दिसणारी गोष्ट. तिसरा आक्षेप आपले वारकरी शेजारी घेतील. आषाढाच्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी तिची वाट आहे. त्या वाटेवर हजारो माणसे चालतात. परंतु किती चाललास, तितके पैसे घे, असे त्यांस कोणी म्हणत नाही. गावकरी त्यांस भाकर देतात, पाणी देतात, निजावयास जागा देतात. ज्या मुलखात चालणे ही भक्ती समजली जाते, तेथे चालण्याचा दर ठरवणे कानाला खटकणारच.

हे तिन्ही आक्षेप वजनदार आहेत, आणि ज्या मंडळीने त्यांस उत्तर शोधले नाही तिने पदयात्रा न काढणेच बरे.

प्रथम हे पाहू की, ह्या कार्यात कोण काय देतो. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत भूमिहीन पुष्कळ आहेत. रोजावर जाणारी विधवा अर्पणाच्या वेळी काय टाकू शकते, हे प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे. मार्काच्या बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण तिला सांगतो, व ती दोन टोल्या टाकतेही. परंतु तिला मुलांसाठी त्याहून अधिक काही करावयाची इच्छा असेल, तर मार्ग कोणता? आपल्या देशात ह्याचे एक उत्तर मूठभर धान्याने दिले आहे. मिझोरममधील मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून घरची बाई स्वयंपाकास तांदूळ घेताना त्यांतील एक मूठ देवाच्या कार्यास बाजूला काढून ठेवते. आपल्या साताऱ्यातही ही गोष्ट अपरिचित नाही. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी ते गावोगाव हिंडले, व शेतकऱ्यांनी मुठीमुठीने दिलेल्या धान्यावर ती मुले वाढली. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने दिले, ही हकीकत आपल्या भागात घरोघर माहीत आहे.

मूठभर धान्यात आणि पदयात्रेत एक भेद मात्र आहे. मूठ ज्याची त्याची असते. पदयात्रेत चालणारा आपले पाय देतो, आणि पैसे दुसऱ्याकडून आणतो. तर मग हे दान कोणाचे? चालणाऱ्याचे म्हणावे, तर त्याने पैसा दिला नाही. पैसे देणाऱ्याचे म्हणावे, तर तो घरी बसून राहिला, आणि कोणी दारी आले नसते तर कदाचित त्याने काहीच दिले नसते.

आमच्या मते चालणारा जे खरोखर देतो, ते किलोमीटर नव्हेत. तो दोन वेळा दुसऱ्याच्या दारी उभा राहतो. एकदा वचन मागण्यास व एकदा ते वचन पुरे करून घेण्यास. मागणे हे चालण्याहून कठीण आहे. ज्याने कधी कोणापुढे हात पसरला नाही, त्यास दुसऱ्याच्या मुलासाठी तो पसरावा लागतो. कोणी तोंड फिरवले तर तेही सोसावे लागते. ही लाज त्याने मुलाच्या वतीने सोसली, हेच त्याचे दान होय. आणि पैसे देणाऱ्याचे दान तो कागदावर सही करतो त्या क्षणी सुरू होते. त्या दिवसापासून तो कोणाचा तरी देणेकरी झाला. पहिल्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. गरज आधीपासून होती हे खरे. परंतु गरज डोळ्यांसमोर असूनही आपण वर्षानुवर्षे काही न देता जगतो. शेजारी दारात येऊन उभा राहिला, म्हणजे ती गरज आपल्यास टाळता येत नाही. चालणे हे दानाची किंमत नाही. ते दानाचे बोलावणे आहे.

ह्यातूनच एक बारीक प्रश्न निघतो, आणि तो प्रत्येक पदयात्रेत कोठे ना कोठे निघणारच. एका मुलीने १० किलोमीटर चालण्याचे ठरविले. सहाव्या किलोमीटरास तिचा पाय मुरगळला, आणि ती बसली. ज्याने दर किलोमीटरला २० रुपये कबूल केले होते, तो तिला किती देणे लागतो? कागदाप्रमाणे १२० रुपये. आणि त्याने तितकेच दिले तर त्यास कोणी लबाड म्हणू शकणार नाही. परंतु त्याने आपल्या मनास विचारावे की, वचन कोणास दिले होते? चालणाऱ्या मुलीस ते मजुरी म्हणून दिले असेल, तर हिशोब बरोबर आहे. काम जितके झाले तितका दाम. पण ते वचन ज्या बालकासाठी होते, त्याचा पाय मुरगळला नाही. त्याची भूक सहाव्या किलोमीटरास अर्धवट थांबली नाही. द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यासही पुरा रुपया दिला, तो कामाचे माप चुकला म्हणून नव्हे. त्याला देण्याची इच्छा होती म्हणून.

तर मग मुलीने १० किलोमीटर चालले असे सांगून २०० रुपये मागावे काय? मुळीच नाही. तिने सहाच सांगावे. चालणाऱ्याने एकही पाऊल अधिक सांगू नये, आणि देणाऱ्याने पावलांची उणीव पाहून हात आखडू नये. पहिले सत्याचे काम आहे, दुसरे प्रीतीचे. आणि ही दोन कामे दोन निरनिराळ्या माणसांवर सोपवलेली आहेत. एकाने दुसऱ्याचे काम मागून घेऊ नये. चालणाऱ्याने उदारपणाची मागणी केली, तर ती खंडणी होते. आणि देणाऱ्याने सत्याची पाळत ठेवून मैलाचे दगड मोजले, तर दान हा व्यापार होतो.

दिलेले वचन पुरे करणे हा ह्या विषयाचा गाभा आहे. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी जमविली, ती आपल्या शास्त्रातील अशा कार्याची सर्वांत मोठी हकीकत होय. करिंथकरांस त्याने जे लिहिले, त्यावरून असे दिसते की, देण्याची इच्छा त्यांनी एक वर्षापूर्वीच दाखविली होती, आणि आता ती कृतीने पुरी करा, असे त्यास सांगावे लागले. एक वर्ष! उत्साह हा पेरणीच्या दिवशी सर्वांना असतो. राखण करावयास थोडेच राहतात. आपल्या काळातील उदाहरण घ्यावयाचे, तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले विनोबा भावे ह्यांचे घ्यावे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी त्यांस भूमिहीनांसाठी पहिले भूदान मिळाले, आणि पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरत राहिले. ४० लाखांहून अधिक एकर जमीन लोकांनी त्यांस देऊ केली. एका माणसाच्या पायांनी इतके मागितले व इतके मिळविले, असे दुसरे उदाहरण नाही. परंतु देऊ केलेल्या जमिनीपैकी पुष्कळ जमीन नापीक निघाली, काही वादात अडकली, आणि कित्येक एकर भूमिहीनाच्या हाती कधी गेलेच नाहीत. चालणाऱ्याने आपले वचन पाळले. देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी टाळ्यांच्या दिवशी दिले, आणि मोजणीच्या दिवशी दिले नाही. आपली पदयात्रा लहान असेल; पण हा धोका तिला तितकाच आहे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे कर्ण्याकडे वळू. दिसणे आणि दाखविणे ह्यांत भेद आहे. पौल ती वर्गणी घेऊन यरुशलेमेकडे निघाला असता त्रोवसाहून अस्सापर्यंत त्याचे सोबती तारवाने गेले व तो स्वतः पायी गेला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात लिहिले आहे. तो का चालला, हे लूक सांगत नाही, आणि ते अंतर कोणी मोजून ठेवले नाही. परंतु पैशाच्या बाबतीत मात्र पौलाने सर्व उघड्यावर ठेवले. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, अशासाठी की एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष काढू नये. म्हणजे हिशोब उघड, आणि श्रम झाकलेले. आपल्याकडे पुष्कळदा ह्याच्या उलट होते. चालणाऱ्यांची छायाचित्रे सर्वांना दिसतात, आणि जमाखर्च कोणास दिसत नाही. ज्या पदयात्रेत निशाणे मोठी व हिशोबाची वही लहान, तिच्यापुढे कर्णा वाजत आहे असे समजावे.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर आम्हांस दयाळू शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात सापडते. यरुशलेमेहून यरीहोस उतरणाऱ्या त्या रस्त्याने याजक गेला, लेवी गेला, आणि शोमरोनीही गेला. किलोमीटर तिघांचे सारखेच. त्यांत ज्याने जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, तो उरलेली वाट अर्थातच पायी चालला असेल. म्हणजे दुसऱ्यासाठी चालणारा तो एकटाच. उतारशाळेत पोचल्यावर त्याने दोन नाणी दिली, आणि आणखी खर्च लागला तर परत येताना देईन, असे वचनही दिले. चालणे, देणे आणि वचन ही तिन्ही तेथे आहेत; परंतु चालण्याला दर लावलेला नाही, आणि वचनाला सीमा घातलेली नाही. वारकऱ्यास भाकर देणारा शेतकरी हे जाणतो. आपणही कागदावर जो दर लिहितो, तो भावनेला मोजता येत नाही म्हणून हिशोबाच्या सोयीसाठी लिहितो, एवढे ध्यानात ठेवले, म्हणजे आपण चालणे विकले असे होणार नाही.

शोमरोन्याच्या दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे. तो जखमी मनुष्य त्याच्या जातीचा नव्हता. मग आपण कोणाच्या मुलांसाठी चालावे? ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले, म्हणजे बीड व मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार कृष्णा-वारणेच्या काठी येतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून त्यांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. फडाच्या कडेला कोपी घालून ती राहतात, पहाटे अंधारात कामास लागतात, आणि आठ-दहा वर्षांचे मूल धाकट्या भावंडास सांभाळत कोपीपाशी बसते, किंवा आईच्या मागून वाढे गोळा करते. त्याच्या गावची शाळा चालू असते. त्याचे नाव हजेरीपटावर असते. आणि मूल येथे असते. काही ठिकाणी त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या. पण त्या सर्व मुलांस पुरत नाहीत.

आपला चालणारा सहाव्या किलोमीटरास दमला तर सावलीत बसतो, आणि लोक त्यास पाणी देतात. त्या मुलाची आई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. तिला मध्येच थांबता येत नाही, कारण तिचे पैसे आधीच खर्चून गेले आहेत. आपण चाललो म्हणजे आपल्याला पैसे मिळतात. ती पैसे घेतले म्हणून चालते. तिच्या मुलासाठी आपण एक दिवस चाललो, तर फार मोठे केले असे वाटू देऊ नये. आणि आपणही एके काळी परक्यांच्याच दानावर वाढलो, हे विसरू नये. १८८९ साली डॉक्टर विल्यम वॉनलेस सांगलीस आले, आणि १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले. ते अमेरिकेतील अशा लोकांच्या देणग्यांवर उभे राहिले की, ज्यांनी मिरज कधी पाहिली नव्हती.

ज्या उपदेशकांस व पाळकांस असे कार्य हाती घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी काही सूचना लिहितो.

मुलांस काय हवे, हे आधी त्यांच्या आईबापांस व शिक्षकांस विचारावे. पांघरूण हवे असता पाट्या देऊ नयेत. त्या मुलांस पदयात्रेच्या पुढे उभे करू नये, त्यांच्या गळ्यात पाट्या अडकवू नयेत, व त्यांची छायाचित्रे दाखवून पैसे मागू नयेत. ज्याच्या गरिबीवर आपण चालतो, त्यास रस्त्यात लाजवणे हे दान नव्हे.

दिवस थंडीतला निवडावा व पहाटे निघावे. सांगलीहून मिरज सुमारे १० किलोमीटर आहे. तेवढे अंतर सर्वसाधारण माणसास पुरे. परंतु ऊस हंगामात मोठ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. म्हणून शक्य तर आतली गावरस्त्याची वाट घ्यावी, पोलीस ठाण्यास आगाऊ कळवावे, आणि लहान मुलांस रस्त्याच्या कडेच्या बाजूस चालवावे. ज्यांस चालवत नाही, त्यांनी पाणी भरावे, भाकरी भाजाव्या, कागद लिहावे. त्यांचे काम कमी समजू नये.

वचनाच्या कागदावर रक्कम, व ती देण्याची शेवटची तारीख, ही दोन्ही लिहावी. पंधरा दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवू नये. एकट्या माणसाच्या हाती पैसे देऊ नयेत. दोघांनी मोजावे, व तिसऱ्याने वहीत लिहावे. पुढील रविवारी उपासनेनंतर एकूण जमा, एकूण खर्च व शिल्लक वाचून दाखवावी. कोणी किती दिले, हे वाचू नये. ज्याने वचन दिले व दिले नाही, त्याच्याकडे एकदा जावे, दोनदा जावे, आणि मग देवावर सोपवावे. वेशीवर त्याचे नाव काढू नये. कदाचित त्याच्या घरीही उचल फेडावयाची असेल.

शेवटी प्रत्येक वचनदात्याने सही करण्यापूर्वी आपल्या मनास एक प्रश्न विचारावा: हा शेजारी आज दारी आला नसता, तर ह्या मुलासाठी मी काही दिले असते काय? उत्तर नाही असे आले, तरी सही करावी. नाही म्हणणाऱ्याला दारी येऊन हो म्हणावयास लावणे, हेच त्या चालणाऱ्याचे काम होते. मात्र पुढल्या वर्षी त्याच्या येण्याची वाट पाहू नये. कोपीपर्यंतचा रस्ता आता आपल्यालाही माहीत झाला आहे.